सहा मिलीमीटरचा झोन

सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढायची, पालथी धरायची, आणि बघावं तर मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या कागदी डिस्कला अगदी खेटून जंतूंचं दाट लॉन (सलग थर) उगवलेलं. पट्टी लावली तर ६ मिमी. कागदाच्या डिस्कचाच व्यास ६ मिमी असतो, म्हणजे झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) नाहीच. नमुना आयसीयूतल्या पेशंटच्या रक्ताचा, जंतू क्लेबसिएल्ला न्यूमोनिए. शेजारी सेफ्ट्रायॅक्झोन ६, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ६, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ६. मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये अशी प्लेट बघून आता कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

ही प्लेट वाचणं सोपं. ओळीने ‘आर’ (रेझिस्टंट, औषध चालत नाही) लिहायचं की झालं. खरी मेहनत असते ती आदल्या दिवशी प्लेट लावताना, आणि मग मेरोपेनेम हातचं गेल्यावर डॉक्टरांकडे काय उरलं हे शोधताना. या दोन्ही ठिकाणी लॅबा कुठे घसरतात ते इथे लिहितोय.

६ मिमी सहसा फसवत नाही. फसवतात ते १९ ते २३ मिमीच्या पट्ट्यातले झोन. सीएलएसआय या अमेरिकन मानक संस्थेच्या तक्त्याप्रमाणे क्लेबसिएल्ला आणि त्याच्या भाऊबंदांसाठी १० मायक्रोग्रॅमच्या मेरोपेनेम डिस्कभोवती २३ मिमी किंवा जास्त म्हणजे एस (सेन्सिटिव्ह, औषध चालतं), २० ते २२ आय (मधला गट), १९ किंवा कमी म्हणजे आर. एस आणि आर यांच्यामधलं अंतर मोजून चार मिलीमीटर. आणि हे चार मिलीमीटर मीडिया (जंतू वाढवायची जेली, म्हणजे अगार) पातळ ओतूनसुद्धा ‘मिळवता’ येतात.

पातळ प्लेट

डिस्क डिफ्युजनची पद्धत बाउर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ साली जशी बांधून दिली, तिचा पाया आजही तोच आहे: म्युलर-हिंटन अगार, खोली ४ मिमी, पीएच ७.२ ते ७.४. खोलीत अर्ध्या मिलीमीटरची सूट आहे, त्याहून जास्त नाही. ९० मिमीच्या प्लेटला ही खोली गाठायला सुमारे २५ मिली मीडिया लागतो. १५ मिलीत उरकलं तर थर जेमतेम अडीच मिलीमीटरचा होतो. डिस्कमधलं औषध आडवंही पसरतं आणि खालीही उतरतं. खाली जागाच कमी असेल तर ते आडवं जास्त पसरतं, झोन फुगतो, आणि पावडर वाचवण्याच्या नादात रेझिस्टंट जंतू कागदावर सेन्सिटिव्ह होऊन बसतो. प्लेट जाड झाली की उलटं.

टेबल सपाट नसेल तर एकाच प्लेटमध्ये एका कडेला ३ आणि समोरच्या कडेला ५ मिमी थर जमतो. म्हणून ओतण्याच्या टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवून बघावी. गवंड्याकडची स्वस्तातलीही चालते. आणि प्रत्येक बॅचमधली एक प्लेट बळी द्यावी: मधोमध उभा काप घ्यायचा, अर्धा भाग बाहेर काढायचा, पट्टीने खोली मोजायची. दोन मिनिटांचं काम, पण फार थोड्या ठिकाणी होतं.

पीएच मोजायचा तो अगार थिजल्यावर. तो आम्लाकडे झुकला की जेन्टामायसिन, अमिकासिन आणि एरिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं लुळी पडतात, त्यांचे झोन आकसतात. टेट्रासायक्लिनचे मात्र वाढतात. या जंतूंच्या प्लेटी कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नयेत, त्याचंही कारण हेच. तो वायू अगारात विरघळतो आणि पीएच खाली ओढतो.

मीडियातले क्षारही खोड्या काढतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त झालं तर स्युडोमोनासवर अमिनोग्लायकोसाइडचे (जेन्टामायसिनच्या गटाचे) झोन लहान येतात. जस्त जास्त असेल तर कार्बापेनेमचे (मेरोपेनेमच्या गटाचे) झोन आकसतात. थायमिडिन जास्त असेल तर को-ट्रायमॉक्सॅझोलच्या झोनमध्ये धुरकट वाढ दिसते; ते तपासायला एन्टरोकॉकस फीकॅलिस एटीसीसी २९२१२ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जंतूंचा संग्रह) लावतात, त्याभोवती स्वच्छ २० मिमी झोन आला पाहिजे. म्हणून मीडियाच्या पावडरचा नवा लॉट फोडला की आधी कंट्रोल स्ट्रेन (ज्याचे झोन किती यायला हवेत ते ठाऊक असतं असा जंतू), मग पेशंट. ‘कंपनी तीच आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

घनता

सगळ्या टप्प्यांत सर्वांत जास्त गडबड इथे होते असं माझं ठाम मत आहे. काम सोपं दिसतं, म्हणून ते लॅबमधल्या सर्वांत नवख्या माणसाकडे जातं.

ब्लड अगारवर रात्रभर वाढलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या तीन-चार कॉलनींच्या माथ्याला लूप लावायचा आणि सलाईनमध्ये मिसळून ०.५ मॅकफारलँडइतकी (मॅकफारलँड हे गढूळपणाचं माप) गढूळ नळी करायची. म्हणजे मिलीमागे साधारण १० ते २० कोटी जंतू. कॉलनी मॅकॉन्कीवरून (काही जंतूंनाच वाढू देणाऱ्या मीडियावरून) उचलायचा मोह टाळावा. मॅकॉन्कीने काही जंतूंना दाबून ठेवलेलं असतं, मेलेले नसतात. म्युलर-हिंटनवर ते डोकं वर काढतात.

क्लेबसिएल्लाची अडचण म्हणजे त्याचा चिकटपणा. कॉलनी उचलताना पाकासारखी तार सुटते, आणि ती तशीच सलाईनमध्ये सोडली तर गोळा होऊन तरंगत राहते. नळी वरवर हवी तेवढी गढूळ दिसते, पण त्यात गुठळ्या असतात, आणि लॉन कुठे दाट कुठे विरळ येतं. यावर उपाय जुनाच आहे: नळीत थेंबभर सलाईन असताना काचेच्या ओल्या कडेवर लूप घासत घासत कॉलनी फोडायची, मग सलाईन वाढवायचं, मग व्हॉर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र).

मॅकफारलँडचा स्टँडर्ड लॅबमध्ये बनवता येतो: १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९९.५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिली, सतत ढवळत. ६२५ नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स ०.०८ ते ०.१३ च्या दरम्यान आला पाहिजे. घट्ट बूच लावून अंधारात ठेवायचा, महिन्याला पुन्हा मोजायचा. यात घात कसा होतो बघा. बेरियम सल्फेट तळाशी बसतं. स्टँडर्ड नीट न हलवता स्टँडवरून उचलला तर वरचं पाणी जवळजवळ नितळ असतं. त्याच्याशी जुळवून घेतलेली पेशंटची नळीही पातळ होते, जंतू कमी पडतात आणि सगळ्याच औषधांचे झोन मोठे येतात. लॉन विरळ असेल, सुट्या सुट्या कॉलनी मोजता येत असतील, तर त्या प्लेटवरचा एकही आकडा लिहू नये. प्लेट पुन्हा लावावी.

तुलना करताना पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा हव्यात आणि दोन्ही नळ्या सारख्या जाडीच्या. रेघा दोन्ही नळ्यांतून सारख्याच पुसट दिसल्या की जमलं. डेन्सिटोमीटर असेल तर उत्तमच, पण त्याची क्युव्हेट बोटांच्या ठशांनी माखलेली असेल तर तोही अंदाजच. आणि नळी तयार झाली की १५ मिनिटांच्या आत प्लेटवर. ती रॅकमध्ये ठेवून चहाला जाऊ नये.

स्वॉब बुडवून झाला की नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून फिरवायचा, जादा पाणी निथळू द्यायचं. मग संपूर्ण प्लेटवर तीनदा, दर वेळी प्लेट ६० अंशांनी वळवून, शेवटी कडेने एक फेरी. त्याच नळीतून एक लूप ब्लड अगारवर काढून ठेवावा, शुद्धता तपासायला. दुसऱ्या दिवशी झोनमध्ये विचित्र कॉलनी दिसल्या तर दोन जंतू मिसळले होते की एकाच जंतूचा रेझिस्टंट कुटुंबकबिला आहे, हे या प्लेटमुळे कळतं. ती नसेल तर एक अख्खा दिवस वाया जातो.

डिस्क आणि फ्रीज

डिस्कच्या बाटल्यांचा साठा उणे २० अंशांत, रोजच्या वापरातल्या २ ते ८ अंशांत, सिलिका जेलसकट. ज्या फ्रीझरमध्ये बर्फ आपोआप वितळतो (फ्रॉस्ट-फ्री), तो बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या घराण्यातल्या) डिस्कसाठी वाईट. बर्फ वितळवायला तो ठराविक वेळाने गरम होतो आणि इमिपेनेम, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड अशी नाजूक औषधं हळूहळू मरतात. बाटली फ्रीजमधून काढली की झाकण लगेच उघडू नये. तास-दोन तास टेबलावर राहू द्यावी. थंड बाटली जूनच्या दमट हवेत उघडली की डिस्कवर दव साचतं, आणि पुढचे सगळे दिवस ती बाटली मीटरभर चुकीचं माप देणाऱ्या कापडवाल्यासारखी वागते.

दोन डिस्कच्या मध्यांमध्ये २४ मिमी अंतर हवं. ९० मिमीच्या प्लेटवर त्यामुळे पाच-सहाच डिस्क बसतात. आठ बसवल्या की झोन एकमेकांत मिसळतात आणि कडा कुणाची हे ठरवता येत नाही. डिस्क एकदा अगारला टेकली की औषध लगेच उतरायला लागतं. वाकडी पडली म्हणून उचलून सरकवायची नाही. नवी डिस्क दुसरीकडे ठेवायची. १५ मिनिटांत प्लेटी पालथ्या करून ३५ अंशांवर, एकावर एक पाचपेक्षा जास्त नाहीत. मधल्या प्लेटी उशिरा तापतात. वाचायचं १६ ते १८ तासांनी. भारनियमन असलेल्या गावात इन्क्युबेटरच्या आत मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर टांगून ठेवावा, म्हणजे रात्री तापमान किती घसरलं ते सकाळी कळतं.

मोजताना काळ्या, चमक नसलेल्या पृष्ठभागावर प्लेट धरायची, उजेड समोरून, भिंग नको. पूर्ण मिलीमीटरमध्ये आकडा. प्रोटियसची झोनमध्ये सरपटत आलेली पातळ साय सोडून द्यायची. को-ट्रायमॉक्सॅझोलमध्येही २० टक्क्यांपर्यंतची पुसट वाढ सोडून कडा मोजायची. क्लेबसिएल्लाच्या मेरोपेनेम झोनमध्ये कॉलनी दिसल्या तर मात्र सोडायच्या नाहीत.

कंट्रोल स्ट्रेनचं गाऱ्हाणं ऐका

ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा कंट्रोल बहुतेक लॅबमध्ये असतो. तो कुठल्या रजिस्टरमध्ये जातो आणि नंतर कोण बघतं, हा वेगळा प्रश्न. पेशंटच्या प्लेटवर नेमकं काय चुकलं हे सांगणारा साक्षीदार एवढाच.

जेन्टामायसिनच्या १० मायक्रोग्रॅम डिस्कभोवती त्याचा झोन १९ ते २६ मिमी यायला हवा, सेफ्ट्रायॅक्झोनच्या ३० मायक्रोग्रॅमभोवती २९ ते ३५. सगळेच झोन मोठे असतील तर संशय पातळ प्लेटवर किंवा पातळ नळीवर. सगळेच लहान असतील तर जाड प्लेट किंवा गच्च नळी. एकट्या इमिपेनेमचा लहान आणि बाकी ठाकठीक, तर डिस्क मेली. बाटली फेकून द्या. जेन्टामायसिन-अमिकासिन लहान आणि टेट्रासायक्लिन मोठा, तर पीएच. एवढं ओळखता आलं तरी अर्धी दुरुस्ती झाली.

कंट्रोल चुकला म्हणून त्याच स्लँटवरून (तिरक्या अगारच्या नळीवरून) पुन्हा पुन्हा लावत राहायचं आणि एकदाचा बरोबर आला की तेवढाच लिहायचा, ही सवय मोडायला हवी. असा दहादा उपसलेला स्ट्रेन स्वतःच बदलतो. बीटा-लॅक्टमेजसाठीचे (बीटा-लॅक्टम औषधं तोडणाऱ्या एन्झाइमसाठीचे) ई. कोलाय एटीसीसी ३५२१८ आणि क्लेबसिएल्ला एटीसीसी ७००६०३ हे तर वारंवार पिढ्या काढल्या की आपला प्लाझ्मिडच (रेझिस्टन्सचं जनुक वाहणारं डीएनएचं वेटोळं) टाकून देतात, आणि मग ईएसबीएलचा (बऱ्याच प्रकारचे बीटा-लॅक्टम तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेजचा) पॉझिटिव्ह कंट्रोल निगेटिव्ह येतो. मूळ साठा गोठवून ठेवावा, त्यातून महिन्याचा, त्यातून आठवड्याचा, आणि तिथेच थांबावं.

भिंतीवरचा तक्ता

डिस्क आणि तक्ता एकाच घरचे हवेत. सीएलएसआय आणि युरोपातली युकास्ट या दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण त्यांची खिचडी करू नये. सेफ्टाझिडीमची डिस्क सीएलएसआयकडे ३० मायक्रोग्रॅमची, युकास्टकडे १० ची. सेफोटॅक्झीम ३० आणि ५. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम १००/१० आणि ३०/६. पुरवठादाराने स्वस्तात जी दिली ती डिस्क आणि भिंतीवर जो होता तो तक्ता, असं झालं की आकडा बरोबर मोजूनही रिपोर्ट चुकतो.

आणि तो भिंतीवरचा तक्ता किती सालचा आहे ते बघा. सीएलएसआयने २०२३ मध्ये एन्टरोबॅक्टरेल्ससाठी (क्लेबसिएल्ला, ई. कोलाय यांच्या कुळासाठी) अमिकासिनची सीमा बदलली. आता २० मिमी किंवा जास्त म्हणजे एस, १७ ते १९ आय, १६ किंवा कमी आर. जुन्या तक्त्यात १७ मिमीला एस म्हणत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची सीमा २०१९ मध्ये अशीच वर सरकली; आता २६ मिमी लागतात. पिवळा पडलेला, लॅमिनेट केलेला तक्ता रोज डझनभर पेशंटांना चुकीचं एस देत असू शकतो. ऑटोमेटेड मशीन आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, त्याच्या सॉफ्टवेअरमध्येही जुनेच आकडे बसलेले असू शकतात. दोन्ही संस्थांचे तक्ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तेव्हा सबब उरत नाही.

मेरोपेनेम गेलं, आता काय

आता त्या ६ मिमीच्या प्लेटकडे परत येऊ. पहिला प्रश्न: हा जंतू कार्बापेनेम कशाने तोडतोय? पूर्वी हा संशोधकांचा विषय होता. आता औषध त्यावरच ठरतं, त्यामुळे लॅबने उत्तर द्यायलाच हवं.

स्वस्त आणि खात्रीची तपासणी म्हणजे एमसीआयएम, जंतू कार्बापेनेम निकामी करतो का ते बघणारी. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटरचा लूपभर जंतू, दहा-पंधरा सेकंद व्हॉर्टेक्स, मग त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क पूर्ण बुडवायची. ३५ अंशांवर ४ तास, फार तर १५ मिनिटं मागेपुढे. तेवढ्या वेळात जंतूकडे कार्बापेनेमेज (कार्बापेनेम तोडणारं एन्झाइम) असेल तर तो डिस्कमधलं औषध खाऊन टाकतो. मग १० मायक्रोलिटरच्या लूपने डिस्क उचलायची, नळीच्या कडेवर दाबून पाणी काढायचं आणि ई. कोलाय २५९२२ चं लॉन केलेल्या म्युलर-हिंटनवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी ६ ते १५ मिमी आले, किंवा १६ ते १८ मिमीच्या झोनमध्ये बारीक कॉलनी दिसल्या, तर पॉझिटिव्ह. स्वच्छ १९ किंवा जास्त, तर निगेटिव्ह. मधले अनिश्चित.

इथे मेरोपेनेमची डिस्क जुनी, दमट असेल तर ती मुळातच अर्धमेली असते आणि निगेटिव्ह जंतूही पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून क्लेबसिएल्ला एटीसीसी बीएए-१७०५ (पॉझिटिव्ह) आणि बीएए-१७०६ (निगेटिव्ह) हे दोन्ही बरोबर लावायचे. फक्त पॉझिटिव्ह कंट्रोल लावून ही चूक कधीच सापडत नाही.

दुसऱ्या नळीत ०.५ मोलर ईडीटीए २० मायक्रोलिटर घालून हीच तपासणी केली की ती ईसीआयएम होते. ईडीटीए जस्त पकडून ठेवतं. जस्तावर चालणारे मेटॅलो एन्झाइम, म्हणजे एनडीएमसारखे, लंगडे पडतात, औषध वाचतं आणि झोन ५ मिमी किंवा जास्त वाढतो.

कागदावर छान. भारतात मात्र इथे एक खाच आहे. एनडीएम २००८ मध्ये नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या पेशंटमध्ये सापडलं. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या क्लेबसिएल्लात ते मुरलं आहे, आणि बऱ्याचदा एकटं नसतं. सोबत ऑक्सा-४८ च्या कुटुंबातलं एन्झाइमही असतं. त्याला जस्त लागत नाही. ईडीटीएने एनडीएमचे हात बांधले तरी ऑक्सा मेरोपेनेम तोडतच राहतं, झोन वाढत नाही, आणि ईसीआयएम ‘मेटॅलो नाही’ असं धडधडीत खोटं सांगतं. त्यावर विसंबून कुणी नुसतं सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम सुरू केलं तर एनडीएमपुढे ते निरुपयोगी. म्हणून आपल्याकडे ईसीआयएम निगेटिव्ह आलं तरी एनडीएम नाही असं लिहू नये. परवडत असेल तर कॉलनीवरून पंधरा मिनिटांत केपीसी, ऑक्सा-४८, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी हे कार्बापेनेमेजचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी लॅटरल फ्लो पट्टी (प्रेग्नन्सी टेस्टसारखी) लावावी, किंवा पीसीआर. आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलापुढे त्या पट्टीची किंमत किरकोळ आहे.

एनडीएमला एक औषध तोडता येत नाही, ते म्हणजे ॲझ्ट्रिओनाम. पण त्याच जंतूकडे असलेले ईएसबीएल ते तोडतात. ॲव्हिबॅक्टम त्या ईएसबीएलना आणि ऑक्सा-४८ ला रोखतं. म्हणून सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम एकत्र देतात, आणि ही जोडी या पेशंटच्या जंतूवर चालते का हे नळीत बघता येतं. कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथच्या (कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरावीक ठेवलेल्या द्रव मीडियाच्या) २ मिलीच्या चार नळ्या: पहिली रिकामी, दुसरीत ॲझ्ट्रिओनामची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क, तिसरीत सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टमची ३०/२० ची, चौथीत दोन्ही. अर्धा तास औषध उतरू द्यायचं, मग ०.५ मॅकफारलँडच्या नळीतून प्रत्येकी १० मायक्रोलिटर. दुसऱ्या दिवशी पहिली गढूळ हवीच. दुसरी-तिसरी गढूळ आणि चौथी नितळ, तर जोडी चालते. दोन डिस्क प्लेटवर शेजारी ठेवून मधली वाढ बघणं सोपं वाटतं, पण अंतर एक-दोन मिलीमीटरने चुकलं की अर्थ बदलतो. मी नळ्यांवरच विश्वास ठेवेन.

कोलिस्टिनची डिस्क कचऱ्यात टाका

हे एवढ्या स्पष्टपणे लिहायचं कारण म्हणजे मेरोपेनेम गेल्यावर उरणाऱ्या औषधांपैकी कोलिस्टिनची डिस्क अजून विकली जाते आणि अजून लावली जाते.

कोलिस्टिनचा रेणू मोठा, बाराशे डाल्टनच्या आसपास, आणि धनभारित. अगारमधून तो रांगत जातो. परिणामी सेन्सिटिव्ह आणि रेझिस्टंट जंतूंच्या झोनमध्ये तीन-चार मिलीमीटरचाही फरक राहत नाही. ग्रेडियंट स्ट्रिपचाही (चढत्या मात्रेत औषध असलेल्या पट्टीचाही) आधार तोच अगार, म्हणून तीही रेझिस्टन्स लपवते. सीएलएसआय आणि युकास्टच्या संयुक्त गटाने २०१६ मध्येच ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (ट्रेच्या खळग्यांत औषधाच्या चढत्या मात्रा लावणं) हीच संदर्भ पद्धत ठरवली. त्यातही अटी आहेत: कोलिस्टिन सल्फेटच वापरायचं. इंजेक्शनच्या व्हायलमधलं मेथेनसल्फोनेट म्हणजे औषधाचं झोपलेलं रूप, ते नळीत हळूहळू जागं होतं आणि एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) भलतीच येते. पॉलिसॉर्बेट ८० घालायचं नाही. ट्रे साध्या पॉलिस्टायरीनचा, टिश्यू कल्चरसाठी प्रक्रिया केलेला नको, कारण हे औषध प्लास्टिकला चिकटून बसतं. प्रत्येक खळग्यात मिलीमागे सुमारे ५ लाख जंतू.

एवढा सरंजाम नसलेल्या लॅबसाठी सीएलएसआयने मान्य केलेली ब्रॉथ डिस्क इल्यूशन आहे, आणि ती खरोखर सोपी आहे. कॅटायन-ॲडजस्टेड ब्रॉथच्या १० मिलीच्या चार काचेच्या नळ्या. त्यांत कोलिस्टिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि चार. मिलीमागे ०, १, २, ४ मायक्रोग्रॅम आपोआप तयार. (हो, त्याच डिस्क, प्लेटवर नकोत, नळीत चालतात.) हलकेच व्हॉर्टेक्स, अर्धा तास टेबलावर, फार तर तासभर. मग प्रत्येकी ५० मायक्रोलिटर जंतूची नळी, पुन्हा हलकेच व्हॉर्टेक्स, ३३ ते ३५ अंशांवर १६ ते २० तास. जोरात हलवलं की द्रव झाकणाला आणि वरच्या काचेला लागतो, तिथे औषध पोहोचत नाही आणि वरून वाढ सुरू होते. जंतू टाकताना पिपेटचं टोकही काचेच्या वरच्या भागाला टेकवू नये. ही सोय एन्टरोबॅक्टरेल्स आणि स्युडोमोनास एरुजिनोसासाठी आहे. असिनेटोबॅक्टरला लावू नये. कंट्रोल म्हणून ई. कोलाय २५९२२, त्याची एमआयसी ०.२५ ते २ मध्ये यावी.

४ मायक्रोग्रॅमच्या नळीत वाढ नाही आणि २ मध्ये आहे, तर एमआयसी ४, म्हणजे आर. २ किंवा कमी असेल तर सीएलएसआयप्रमाणे ‘आय’. कोलिस्टिनला २०२० पासून तिथे एस हा गटच नाही, कारण नेहमीच्या डोसमध्ये रक्तात पुरेशी पातळी गाठण्याचा भरवसा नसतो आणि त्याआधी किडनीवर आघात होतो. हे रिपोर्टवर एका ओळीत लिहावं. नाहीतर फोन येतो, ‘आय म्हणजे देऊ की नको?’ मध्येच एखादी नळी नितळ आणि तिच्यापुढची जास्त औषधाची गढूळ असं दिसलं तर ती तपासणी रद्द. पुन्हा लावायची.

जंतू प्रोटियस, सेरेशिया, मॉर्गनेला किंवा प्रॉव्हिडेन्शिया असेल तर कोलिस्टिन लावायचंच नाही, त्यांना ते उपजतच चालत नाही. रिपोर्टवर यातल्या एखाद्याला ‘कोलिस्टिन एस’ दिसलं तर जंतूची ओळख तरी चुकली आहे किंवा तपासणी तरी.

रिपोर्ट

डॉक्टरांना झोनचे मिलीमीटर पाठवू नयेत. अमिकासिन २१ आणि जेन्टामायसिन १९ दिसलं की अमिकासिन ‘जास्त चांगलं’ असं वाटतं, आणि ते खरं नसतं. प्रत्येक औषध अगारमधून आपापल्या वेगाने जातं. आकडा द्यायचाच तर एमआयसी द्यावी, आणि मेरोपेनेमची तर द्यावीच. ८ आणि ६४ दोन्ही आर, पण ८ असेल तर जास्त डोस लांब इन्फ्युजनने देऊन दुसऱ्या औषधाबरोबर वापरायचा विचार करायला जागा राहते. ६४ ला ती नाही.

रक्तातल्या जंतूच्या रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइन छापू नये, ते फक्त लघवीत पोहोचतं. फॉस्फोमायसिनच्या २०० मायक्रोग्रॅम डिस्कची सीएलएसआयची सीमा लघवीतल्या ई. कोलायपुरती आहे; क्लेबसिएल्लाकडे ते तोडणारं एन्झाइम बहुधा घरचंच असतं, त्यामुळे तो झोन कितीही छान दिसला तरी पेनाचं टोपण लावावं.

सेप्सिसमध्ये दोन दिवस थांबणं जिवावर येतं. रक्ताची बाटली पॉझिटिव्ह झाली की युकास्टच्या रॅपिड पद्धतीने त्यातलंच १२५ मायक्रोलिटर थेट ९० मिमीच्या प्लेटवर पसरून ४, ६ आणि ८ तासांनी झोन वाचता येतात. त्याचे तक्ते वेगळे आहेत, प्रत्येक वेळेला वेगळे आणि प्रत्येक जंतूला वेगळे. १८ तासांच्या तक्त्याने ६ तासांचा झोन वाचणं म्हणजे शुद्ध अंदाज. झोनची कडा अजून अंधूक असेल तर तो आकडा लिहायचा नाही, दोन तासांनी पुन्हा बघायचं.

आणि छापील रिपोर्टची वाट न बघता फोन करायचा: मेरोपेनेम आर, एनडीएम आणि ऑक्सा दोन्ही, ॲझ्ट्रिओनामची जोडी नळीत चालली, कोलिस्टिन एमआयसी १. पहिला फोन वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि लगेच दुसरा इन्फेक्शन कंट्रोल नर्सला, म्हणजे शेजारच्या बेडवरच्या पेशंटचा रेक्टल स्वॉब त्याच दुपारी येईल.